विश्लेषण : न चालता शंभरावे पाऊल कसे सापडते?

मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे कागदावर आखली आणि एका घराच्या मध्यबिंदूवरून शेजारच्या मध्यबिंदूवर, असे चालत निघाले; मात्र एकाही घरात दुसऱ्यांदा जायचे नाही, तर वाट कशी असेल? अमेरिकी गणिती बिल गॉस्पर यांनी शोधलेला वक्र याचे एक सुंदर उत्तर आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९७६ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरातून तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचवला.

वक्र तयार कसा होतो?

एका रेषेच्या जागी सात छोट्या रेषांची नागमोडी वाट ठेवायची. मग त्या प्रत्येक रेषेच्या जागी पुन्हा तशीच वाट, काही ठिकाणी उलट्या टोकाकडून. भाग संपूर्णासारखाच दिसतो, म्हणून हा फ्रॅक्टल.

बिंदूंचे निर्देशक कोणते?

दोन अक्ष परस्परांशी ६० अंशांत घेतले, की सुरुवातीचे बिंदू असे येतात : (०,०), (१,०), (१,१), (०,१), (-१,२), (०,२), (१,२) आणि सातव्या पावलाला (२,१). सात पावले चालूनही सरळ अंतर कापले जाते ते ७ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे २.६५. पुढे ४९ वे पाऊल (३,५) वर, तर ३४३ वे (१,१८) वर पडते.

शंभरावे पाऊल कुठे?

सातच्या पटीत मोजल्यास १०० ही संख्या २०२ अशी लिहिली जाते. पहिला २ म्हणजे ४९ पावलांचे दोन टप्पे पूर्ण. आपण (-२,१३) वर. मधला शून्य म्हणजे सात पावलांचा पुढचा टप्पा अजून पूर्ण नाही. शेवटचा २ म्हणजे आणखी दोन पावले. उत्तर (-४,१४). दहा लाखाव्या पावलासाठीही असे आठच अंक पुरतात.

उपयोग आणि मर्यादा काय?

‘उबर’ने २०१८ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘एच३’ ही नकाशाप्रणाली पृथ्वीवर प्रामुख्याने षटकोनी घरे आखते. तिच्यात मोठ्या षटकोनात सात छोटे षटकोन येतात आणि छोटी जाळी सुमारे १९ अंशांनी तिरपी होते. हे गणित गॉस्पर वक्राचेच. मात्र सात षटकोन जोडून नेमका मोठा षटकोन बनत नाही. कडा दातेरी राहते. त्यामुळे सीमेवरचे ठिकाण छोट्या घराच्या हिशेबात एका मोठ्या घरात, तर प्रत्यक्षात शेजारच्या मोठ्या घरात असू शकते. अशा जाळीवर मोजणी करताना ही कडा विसरून चालत नाही.