ग्राहकाकडे डेमो देण्याआधी एवढं तपासा!

बिलाची पीडीएफ काढणारं सॉफ्टवेअर तुम्ही हास्केलमध्ये बनवलंत. तुमच्या लॅपटॉपवर मस्त चालतं, पण ग्राहकाच्या दुकानात ऐन गर्दीत अडकतं. का? पीडीएफ बनवणारा 'पीडीएफलाटेक' हा प्रोग्राम त्याच्या कॉम्प्युटरवर नाहीच!

उपाय सोपा आहे. 'सिस्टिम.डिरेक्टरी' मॉड्यूलमधलं 'फाइंडएक्झिक्युटेबल' हे फंक्शन सुरुवातीलाच चालवा. ते पाथमधल्या फोल्डरांत शोधतं. सापडला तर 'जस्ट' आणि प्रोग्रामचा पत्ता मिळतो, नाहीतर 'नथिंग'. 'नथिंग' आलं की काय इन्स्टॉल करायचं ते ग्राहकाला साध्या मराठीत दाखवा.

आणि हो, सापडला म्हणजे चालेलच असं नाही. एकदा चालवून व्हर्जनही बघा. एक बिल अडकलं तरी ग्राहकाचा विश्वास जातो!