लांबची शाळा तेवढी चांगली? गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शहापूर-मुरबाडच्या गावांत एकच विषय निघतो: पोराला कुठं टाकायचं? गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, की तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमात? मुलगी चौथी झाली, आता पाचवीला किन्हवली, डोळखांब गाठायचं की सरळगाव, टोकावडं? वासिंद-आसनगावच्या रेल्वेपट्ट्यातल्या पालकांना निवडायला चार शाळा असतात. भातसा-तानसाच्या आडबाजूला किंवा माळशेजच्या पायथ्याला पाड्यावर राहणाऱ्यांना मिळते ती एखादीच. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. एसटी, जीप, नाहीतर पाय.

एवढा मोठा निर्णय पुष्कळदा ‘शेजाऱ्यांचा पोरगा तिकडं जातो’ एवढ्यावर होतो. त्यामागची नेहमीची वाक्यं एकदा तपासून बघायला हवीत.

गैरसमज १: फी घेणारी शाळा म्हणजे जास्त शिकवणारी शाळा.

वस्तुस्थिती: खासगी शाळेतली मुलं परीक्षेत पुढे दिसतात, हे खरं. पण त्या मुलांचे आईबाप बहुधा जास्त शिकलेले असतात, हातात चार पैसे असतात, शिकवणीही लावलेली असते. मग शाळेचा वाटा किती आणि घराचा किती? हे वेगळं काढण्यासाठी आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला. १८० गावांतल्या सरकारी शाळांतल्या मुलांमध्ये सोडत काढून काहींना खासगी शाळेची फी दिली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. खासगी शाळांनी ठळक आघाडी घेतली ती हिंदीत, कारण त्या हिंदीला जास्त तास देत होत्या. त्या शाळा सरकारी शाळांपेक्षा खूपच कमी खर्चात चालत होत्या, हेही खरं. पण मुलाच्या पदरात काय पडलं, हा पालकाचा प्रश्न. आणि नुसती शाळा बदलल्यानं त्याचं उत्तर बदललं नाही.

गैरसमज २: इंग्रजी यायला हवं तर इंग्रजी माध्यमच हवं.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्गही आता अनेक मराठी शाळांत आहेत. ज्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, तिथल्या सहा वर्षांच्या मुलाला बेरीज आणि ती ज्या भाषेत सांगितली जाते ती भाषा, दोन्ही एकदमच शिकावी लागतात. ठाकूर, कातकरी, वारली घरांतल्या मुलांना तर पुस्तकातली मराठीसुद्धा नवीच असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० निदान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतं, ते याचसाठी. पालकांची इंग्रजीची ओढ चुकीची अजिबात नाही. फक्त शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा वर्गावरच्या बाईंना किती इंग्रजी येतं, हे पाहिलेलं बरं. तिसरी-चौथीतल्या मुलाला न पाहिलेल्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या आणि अर्थ विचारा. पाच मिनिटांत कळतं.

गैरसमज ३: दोन गुरुजी आणि चार वर्ग, तिथं काय शिकणार?

वस्तुस्थिती: शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. त्यामुळे पाड्यावरची शाळा बहुधा द्विशिक्षकीच. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. चौथीला फळ्यावर भागाकार घालून द्यायचा आणि तोवर तिसरीचं वाचन घ्यायचं. तिसरीतलं हुशार पोर त्यातच भागाकार उचलतं, कच्च्या पोराला मागचं पुन्हा ऐकायला मिळतं. हे जमवणारा शिक्षक असेल तर वीस मुलांचा असा वर्ग पन्नास मुलांच्या वर्गापेक्षा सरस ठरतो. शिक्षक वरचेवर कामावर बाहेर असेल, किंवा दोन जागांपैकी एक रिकामी असेल, तर मात्र पालकांची तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

लहान शाळेतला शिक्षक काय करू शकतो, याचं उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. फांगणे गावात जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन बसलेल्या आज्यांचे फोटो जगभर गेले. शाळा बघायला जाल तेव्हा इमारतीइतकंच माणसाकडे बघा.

गैरसमज ४: पट कमी झालाय, शाळा बंद पडणार, आधीच काढलेलं बरं.

वस्तुस्थिती: ही भीती हवेतून आलेली नाही. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत सामावण्याचा निर्णय राज्याने जाहीर केला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करणाऱ्या ‘समूह शाळे’चे प्रस्ताव मागवले गेले. दोन्ही वेळा राज्यभर विरोध झाला. पण कायदा आजही सांगतो की पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. मध्ये ओढा, दरड किंवा रस्त्याचा धोका असेल तर हे अंतर आणखी कमी धरायचं असतं. म्हणजे नकाशावर एक किलोमीटर भरलं, पण जुलैत ओढा दुथडी भरून वाहतो, तर ती शाळा ‘जवळची’ ठरत नाही. शाळा नसलेल्या वस्तीवरच्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे.

आणि पट घटतो तो पुष्कळदा पोरं निघून गेल्यामुळे. पट घटला की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की आणखी पोरं जातात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. रिकाम्या पदाचा ठराव याच समितीतून वर जातो. दाखला काढण्याआधी ती बैठक एकदा गाजवायला हरकत नाही.

गैरसमज ५: फी परवडते, म्हणजे शाळा परवडते.

वस्तुस्थिती: सरकारी शाळेत आठवीपर्यंत शालेय पोषण आहार आणि पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, गणवेशही मिळतो. विनाअनुदानित शाळेत गेलं की हा सगळा खर्च घरावर येतो. त्यात व्हॅनचं भाडं, बूट, वह्या, ‘ॲक्टिव्हिटी’. फीचे आकडे मांडताना हे सगळं धरून बाराने भागा, मग महिन्याचा खरा आकडा दिसेल.

दुसरा खर्च वेळेचा. व्हॅन तीन पाडे फिरून जाते, तेव्हा पहिल्या थांब्यावरचं पोर सगळ्यात आधी उठतं आणि बहुधा सगळ्यात शेवटी घरी पोचतं. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. पण नऊची शाळा गाठायला पोर साडेसहाला उठत असेल, तर त्या निर्णयाचा त्याला काय उपयोग? स्कूल बसच्या २०११ च्या नियमांनुसार शाळेत परिवहन समिती लागते. ती आहे का, गाडीत किती मुलं कोंबतात, हे प्रवेशाआधी विचारावं.

गैरसमज ६: पंचवीस टक्क्यांत नंबर लागला की सगळं फुकट.

वस्तुस्थिती: खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असतात. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देण्याचा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा हक्क शाबूत आहे. पण तो आठवीपर्यंतचाच. नववीला पूर्ण फी दारात उभी राहते. शिवाय प्रवेशात शाळेजवळ राहणाऱ्यांना आधी संधी मिळते, त्यामुळे आतल्या पाड्यांना याचा लाभ फारसा पोचत नाही.

गैरसमज ७: भट्टीवर जाणाऱ्यांच्या पोरांना आश्रमशाळेशिवाय गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती: दिवाळी उरकली की अनेक कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या पालकांना शाळा किती लांब यापेक्षा आपण नसताना पोर कुणाजवळ राहील, याची चिंता असते. मोफत निवास आणि जेवण देणारी आश्रमशाळा हा त्यांचा एक आधार. याशिवाय आजीकडे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. भट्टीजवळच्या शाळेतही मूल बसू शकतं. त्यासाठी गावच्या शाळेतून ‘शिक्षण हमी कार्ड’ घेऊन जायचं असतं. सहावीपासून बारावीपर्यंत एकलव्य निवासी शाळा आहेत, त्यांना प्रवेश परीक्षा असते. ‘नामांकित’ इंग्रजी निवासी शाळांची योजनाही आहे. चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. मात्र सहा वर्षांचं मूल घरापासून दूर ठेवताना सुट्टीला घरी कधी सोडतात, आजारी पडलं तर कळवतात का, हे आधी विचारावंच.

गैरसमज ८: मुलीला लांब पाठवणं झेपणार नाही, चौथी-सातवी पुरे.

वस्तुस्थिती: इथं मात्र लांबची शाळा घ्यावीच लागते. गावातली शाळा पुष्कळदा चौथीला संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावात असतं. मुलींचं शिक्षण तुटतं ते बहुधा याच सांध्यावर. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे; इतर विद्यार्थ्यांना एक-तृतीयांश भाड्यात पास मिळतो. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी जवळपास एक-तृतीयांशाने वाढली. सगळ्यात मोठा फरक पडला तो शाळा ३ किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. एसटीची वेळ आणि शाळेची घंटा जुळत नसेल, तर गावाने ठराव करून आगाराकडे जावं. पाच मुलींचे पालक एकत्र गेले तर दखल लवकर घेतली जाते.

गैरसमज ९: एकदा घातलं की घातलं, मधेच शाळा बदलता येत नाही.

वस्तुस्थिती: आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची मुलाखत घेणं, देणगी मागणं कायद्यात बसत नाही. एक गोष्ट मात्र आधीच पाहा: शाळेला मान्यता आहे ना आणि तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक आहे ना. विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो, पण वर्ष वाया जातं ते मुलाचं.

तर मग जवळची की लांबची? पहिलीला आणि नववीला याचं उत्तर एकच असू शकत नाही. लहानपणी अंतराची किंमत मूल झोपेनं आणि खेळानं फेडतं, म्हणून गावात शिकवणारा शिक्षक असेल तर तिथंच ठेवावं. पाचवीनंतर पाय लांबवावेच लागतात. तेव्हा पास, गाडीची वेळ आणि सोबत यांची जुळणी आधीच करून ठेवावी. आणि प्रवेशाआधी दोन्ही शाळांत एकेक तास वर्गात बसून यावं. शेजाऱ्यांना विचारण्यापेक्षा ते खात्रीचं.