शरीरातील स्निग्ध पदार्थ : कोठून येतात, कोठे जातात?

रक्ततपासणीच्या अहवालात स्निग्ध पदार्थांचे प्रमाण वाढल्याचे दिसताच घरातील तूप बंद होते आणि अंडी वर्ज्य होतात. भात, साखर आणि बिस्किटे मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहतात. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली असता ट्रायग्लिसराइडचा आकडा फारसा हललेला नसतो. याचे कारण शरीराच्या कार्यपद्धतीत आहे. शरीर स्निग्ध पदार्थ केवळ आहारातून घेत नाही, तर त्यांतील बराच मोठा भाग ते स्वतः तयार करते.

हा विषय थोड्या रुग्णांपुरता मर्यादित नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, देशातील ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातील स्निग्ध पदार्थांचे किमान एक प्रमाण योग्य मर्यादेबाहेर होते.

एक कूळ, तीन शाखा

पाण्यात न विरघळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या या कुळाला शास्त्रीय भाषेत लिपिड म्हणतात. शरीराच्या दृष्टीने त्याच्या तीन शाखा महत्त्वाच्या आहेत. ट्रायग्लिसराइड हा ऊर्जेचा साठा आहे. फॉस्फोलिपिडांपासून प्रत्येक पेशीचे आवरण बनते. कोलेस्टेरॉल त्या आवरणाला योग्य तेवढा घट्टपणा देते आणि अनेक संप्रेरकांसाठी कच्चा माल पुरवते. स्वयंपाकघरातील तेल आणि तूप हे मुख्यतः ट्रायग्लिसराइडच असते. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडल्या की ट्रायग्लिसराइडचा एक रेणू तयार होतो.

घासापासून रक्तापर्यंत

तेल पाण्यात मिसळत नाही, ही पचनातील पहिली अडचण होय. यकृतात तयार होणारे पित्त लहान आतड्यात येऊन साबणाप्रमाणे तेलाचे बारीक थेंब करते. त्यानंतर स्वादुपिंडातील लायपेज हे विकर मेदाम्ले सुटी करते. आतड्याच्या पेशी ती शोषून घेतात, पुन्हा जोडतात आणि प्रथिनांचे वेष्टन असलेल्या सूक्ष्म कणांत भरतात. या कणांना कायलोमायक्रॉन म्हणतात. साखर व प्रथिने आतड्यातून थेट यकृताकडे जातात. हे कण मात्र लसीकावाहिन्यांच्या मार्गाने छातीपर्यंत जाऊन रक्तात उतरतात. तेलकट जेवणानंतर काही तास रक्तद्रव दुधाळ दिसतो तो यांच्यामुळेच. म्हणूनच ट्रायग्लिसराइडची तपासणी उपाशीपोटी करण्याची पद्धत पडली.

भाताचे रूपांतर मेदात

भात, पोळी, साखर यांपासून मिळणारे ग्लुकोज शरीर प्रथम वापरते आणि उरलेले ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात व स्नायूंत साठवते. हे कोठार लहान आहे. दोन्ही ठिकाणी मिळून त्यात साधारण अर्धा किलो, म्हणजे सुमारे २,००० किलोकॅलरी एवढाच साठा मावतो. कोठार भरल्यानंतरही आवक चालूच राहिली, तर यकृत ग्लुकोजचे तुकडे करून दोन-दोन कार्बन अणू जोडत १६ कार्बनचे पामिटिक आम्ल तयार करते. त्यापासून ट्रायग्लिसराइड बनते आणि ते व्हीएलडीएल नावाच्या कणांतून रक्तात सोडले जाते. जेवणानंतर वाढणारे इन्सुलिन या निर्मितीला चालना देते. मद्य आणि फळसाखर यांच्या अतिरेकानेही हीच निर्मिती वाढते. तूप बंद करूनही आकडा का हलत नाही, याचे उत्तर येथे सापडते.

साठवणुकीसाठी शरीराने मेदाची निवड करण्यामागे हिशेब आहे. १ ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कर्बोदके व प्रथिने यांतून सुमारे ४ मिळते. शिवाय मेद साठवताना सोबत पाणी बाळगावे लागत नाही. मध्यम बांध्याच्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील दहा किलो मेद म्हणजे सुमारे ९०,००० किलोकॅलरींची शिदोरी होय.

जेवणांत मोठे अंतर पडले, की इन्सुलिन उतरते आणि मेदपेशी मेदाम्ले रक्तात सोडू लागतात. हृदय व स्नायू ती जाळून काम चालवतात. मेंदूला ती इंधन म्हणून फारशी वापरता येत नाहीत, त्यामुळे यकृत त्यांपासून कीटोन तयार करून मेंदूला पुरवते. मात्र उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोन वेळा घेतली, तर पिष्टमय पदार्थांची आवक चालूच राहते आणि साठ्याला हात लावण्याची वेळ शरीरावर क्वचितच येते.

श्वासामागील लिपिड

फॉस्फोलिपिडांचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दिसते ते अपुऱ्या दिवसांच्या बाळात. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांना आतून फॉस्फोलिपिडांचा पातळ थर असतो. तो पृष्ठताण कमी करतो, म्हणून श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून जात नाहीत. गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांतच हा थर पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासासाठी झगडावे लागते. या पदार्थाच्या अभावाचा नवजात बालकांच्या श्वसनविकाराशी असलेला संबंध मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ मध्ये याच विकाराने जन्मानंतर दोन दिवसांच्या आत दगावला. पुढे गर्भवतीला स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन हा थर लवकर तयार करण्याचा आणि बाळाच्या फुप्फुसात तो बाहेरून सोडण्याचा उपचार रूढ झाला.

कोलेस्टेरॉल : घरचेच उत्पादन

शरीराला लागणाऱ्या कोलेस्टेरॉलचा मोठा भाग, साधारणपणे तीन-चतुर्थांश, शरीरातच तयार होतो. दोन कार्बन असलेल्या साध्या घटकापासून अनेक टप्प्यांनी २७ कार्बनचा हा रेणू कसा घडतो, याच्या शोधासाठी कोनराड ब्लॉक आणि फिओडोर लिनेन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके, तसेच पित्ताम्ले यांचा उगम कोलेस्टेरॉलपासून होतो. त्याच्याच निर्मितीमार्गातील एका रेणूपासून त्वचेत उन्हाच्या साहाय्याने ड जीवनसत्त्व बनते. मेंदू तर स्वतःपुरते कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो.

अडचण आहे ती विल्हेवाटीची. कोलेस्टेरॉलची वलयाकार रचना मोडून त्यापासून ऊर्जा मिळवणे शरीराला जमत नाही. यकृतातून पित्तावाटे आतड्यात, हाच त्याचा मुख्य निर्गमनमार्ग. आणि तेथूनही सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले पुन्हा शोषली जातात. इसबगोल, ओट यांतील विद्राव्य तंतू काही पित्ताम्लांना अडवून बाहेर नेतात. ती तूट भरून काढण्यासाठी यकृताला आणखी कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते.

वाहने आणि माल

अहवालातील एलडीएल आणि एचडीएल ही कोलेस्टेरॉलची दोन रूपे नव्हेत. ती त्याची वाहने आहेत. एलडीएल पेशींना कोलेस्टेरॉल पोहोचवते, तर एचडीएल जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्यास मदत करते. एलडीएल रक्तात प्रमाणाबाहेर साचले, की ते धमन्यांच्या भिंतीत शिरून थर धरते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

रक्तातील एलडीएल उचलणारे ग्राहक प्रामुख्याने यकृतपेशींवर असतात. हे ग्राहक मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी शोधले व त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आनुवंशिक दोषामुळे हे ग्राहक नसलेल्या मुलांना त्यांनी अभ्यासले होते. अशा मुलांना शालेय वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून हा दोष आलेल्या व्यक्ती त्यामानाने बऱ्याच आढळतात. त्यांचे एलडीएल केवळ पथ्याने आटोक्यात येत नाही आणि त्यात त्यांचा निष्काळजीपणाही नसतो.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये बुरशीपासून पहिले स्टॅटिन वेगळे केले. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखते. आतील पुरवठा घटल्यामुळे यकृत अधिक ग्राहक तयार करते आणि रक्तातील एलडीएल उचलून घेते. औषध बंद केल्यास निर्मिती पुन्हा सुरू होते. त्यामुळे आकडा सुधारला म्हणून गोळी आपणहून थांबवणे योग्य नाही.

जे शरीराला बनवता येत नाही

जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की काही मेदाम्ले आहारातूनच मिळावी लागतात. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही ती दोन मेदाम्ले होत. पहिले सूर्यफूल, करडई, तीळ यांच्या तेलांत विपुल असते. दुसऱ्यासाठी जवसाची चटणी हा स्वस्त आणि उत्तम मार्ग आहे. म्हणजेच स्निग्ध पदार्थ आहारातून पूर्णतः वगळणेही हितावह नाही.

तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाने मात्र फारसे काही सिद्ध होत नाही, कारण वनस्पतीजन्य तेलांत कोलेस्टेरॉल नगण्यच असते. पाहावयाचे ते संतृप्त आणि ट्रान्स मेदाम्लांचे प्रमाण. संतृप्त मेदाम्लांच्या अतिरेकाने यकृतावरील ग्राहक घटतात आणि एलडीएल वाढते. ट्रान्स मेदाम्ले एलडीएल वाढवतात व एचडीएल घटवतात. भारतात तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्लांची कमाल मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली आहे.

त्यामुळे अहवाल हाती आल्यावर कोणता आकडा वाढला आहे, हे प्रथम पाहावे. ट्रायग्लिसराइड वाढले असल्यास साखर, मैदा, मद्य आणि बैठे जीवन यांचा विचार आधी करावा. एलडीएल वाढले असल्यास संतृप्त आणि ट्रान्स मेदाम्ले कमी करावीत; आणि कुटुंबात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असल्यास ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी व भावंडांची आणि मुलांची तपासणीही करून घ्यावी.