बाळगुटीतले मायफळ येते कुठून?

साखऱ्यात घरात बाळ जन्मले की दादीच्या डब्यातून हळकुंड, वेखंड, मुरडशेंग आणि मायफळ निघते. हळदीसाठी तर आपला हिंगोली जिल्हा प्रसिद्धच. मायफळाचे झाड मात्र साखऱ्याच्या शिवारातच काय, महाराष्ट्राच्या कुठल्याही रानात सापडणार नाही. युनानी हकीम यालाच माजू म्हणतात, अरबीत ते अफ्स.

खरे तर हे फळच नव्हे. ओक कुळातल्या एका लहान, काटक झाडाच्या कोवळ्या कळीत एक बारीक माशी अंडे घालते. अळी वाढते तशी तिच्याभोवती झाड गाठ धरते. ती गाठ म्हणजे मायफळ. हे झाड ग्रीसपासून तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराणच्या झाग्रोस डोंगरांपर्यंत वाढते. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. हिमालयात ओकच्या बांजसारख्या जाती आहेत, पण दख्खनच्या पठारावर ओक आपणहून उगवत नाही. सीरियातील हलब शहर मायफळाच्या बाजारासाठी जुन्या काळापासून नावाजलेले.

मायफळात निम्म्याहून अधिक टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य असते. त्याच्या काढ्यात हिराकस आणि डिंक घातला की शाई तयार होते. लिहिताना ती फिकट दिसते, हवा लागताच काळी पडते आणि पक्की बसते. चर्मपत्रावरील कुरआनच्या अनेक जुन्या प्रती अशाच शाईने लिहिलेल्या आहेत.

अत्ताराकडे मायफळ घेताना जड, गडद आणि बिनछिद्राचे निवडावे. छिद्र असेल तर माशी बाहेर पडलेली असते आणि तुरटपणाही कमी झालेला असतो. मोठ्यांच्या दंतमंजनात ते आजही वापरतात.

बाळाच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अस्वच्छ सहाणेवरून जंतू पोटात जातात आणि टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही. दादीची माया खरीच, पण गुटीआधी डॉक्टरांना विचारण्याने ती कमी होत नाही.

आज झाग्रोसची ओकवने दुष्काळ आणि वणव्यांनी सुकत आहेत. आपल्या डब्यातली ती छोटीशी गाठ इतक्या दूरवरून आलेली असते.