युद्धाची झळ आणि शिकणाऱ्या मुलाचे वजन

लढाई म्हटली की तोफा, बंदुका आणि विमाने आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण लढाईची झळ सामान्य माणसाच्या ताटाला फार लवकर लागते. दुकाने बंद होतात, पाणी आणि वीज जाते, पैसे मिळेनासे होतात. परमुलखात एकट्याने राहून शिकणाऱ्या मुलाकडे ना धान्याचा साठा असतो, ना शेजारपाजार. मुलगा फोनवर ‘जेवलो’ म्हणतो आणि इकडे आई-बाप त्यावर विश्वास ठेवतात.

आपल्या कोकणातली माणसे पलटणीत गेली, बोटीवर गेली. आता मुलेमुली डॉक्टर होण्यासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. रत्नागिरीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते २०२३ साली. खासगी महाविद्यालयाची फी कष्टकरी कुटुंबाला झेपत नाही. म्हणून महाराष्ट्रातील कितीतरी मुले युक्रेन, रशिया, जॉर्जिया या देशांत जातात.

युक्रेनमध्ये काय घडले?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्या वेळी तिथे हजारो भारतीय विद्यार्थी होते. खारकीव शहरातील मुलांनी भुयारी रेल्वेची स्थानके आणि इमारतींची तळघरे यांत दिवस काढले. बिस्किटे, पाव, जे हाती लागेल ते पुरवून पुरवून खाल्ले. १ मार्चला याच शहरात कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याचा एक वैद्यकीय विद्यार्थी अन्न आणायला बाहेर पडला आणि गोळाबारात ठार झाला. सुमी शहरात नळ बंद पडले, तेव्हा मुलांनी बर्फ वितळवून पाणी प्याले. तिथल्या सुमारे ७०० विद्यार्थ्यांची सुटका ८ मार्चला झाली. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून भारत सरकारने विद्यार्थ्यांना मायदेशी आणले. परंतु शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून काहीजण युद्ध चालू असतानाच पुन्हा तिकडे गेले.

बाबासाहेबांची उपासमार

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आणि दापोलीजवळचे वणंद हे माता रमाईंचे माहेर. पहिले महायुद्ध १९१४ साली पेटले तेव्हा बाबासाहेब अमेरिकेत शिकत होते. १९१६ साली ते लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले. ते सुखरूप पोहोचले, पण त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडवली गेली.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. युद्ध संपले होते, पण महागाई होती आणि खिशात पैसा नव्हता. सकाळी पावाचा तुकडा, जॅम, थोडी मासळी आणि चहा. दुपारी काही नाही. रात्री बोव्हरिलचा कढ आणि बिस्किटे. भूक अनावर झाली की तव्यावर भाजलेले पापड आणि कपभर दूध.

ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. पण आजची काही मुले तिचा उलटा अर्थ घेतात. ‘बाबासाहेब उपाशी राहून शिकले, मग मीही राहीन,’ असे म्हणून मेसचे पैसे वाचवतात. बाबासाहेबांनी ही उपासमार हौसेने केली नव्हती, ती त्यांच्यावर लादली गेली होती. त्यांची घ्यायची ती जिद्द. भूक घ्यायची नाही.

उपाशी शरीरात काय होते?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वखुशीने आले होते. सहा महिने त्यांना निम्मेच अन्न दिले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. नाडी मंद झाली, सतत थंडी वाजू लागली, पायांवर सूज आली. मन अभ्यासात लागेना. रात्रंदिवस जेवणाचेच विचार, चिडचिड आणि उदासी. पोटभर अन्न सुरू झाल्यावरही पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले. तेव्हा उपाशी मुलगा अभ्यासात मागे पडला तर त्याला आळशी म्हणू नका. मुलींची अशा वेळी मासिक पाळीही बंद पडू शकते.

उलट काहींचे वजन वाढते. सतत भीती, अपुरी झोप, तळघरात बसून राहणे आणि बिस्किटे-नूडल्सवर दिवस काढणे यामुळे अंगावर चरबी चढते. वजन वाढले म्हणजे प्रकृती सुधारली असे समजू नये. रक्त कमी असलेला मुलगाही जाड दिसू शकतो.

घरच्यांनी काय करावे?

मूल परगावी जाण्यापूर्वी त्याचे वजन आणि उंची लिहून ठेवा. साधारण ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसाचे वजन ५० ते ६२ किलोंच्या दरम्यान असावे. तीन ते सहा महिन्यांत वजन दहा टक्के घटले, म्हणजे ६० किलोचे ५४ झाले, तर डॉक्टरांना दाखवा.

सोबत नाचणीचे पीठ, कुळीथपीठ, भाजलेले शेंगदाणे, चणे आणि गूळ द्या. हे पुष्कळ दिवस टिकते आणि थोडक्यात ताकद देते. ‘जेवलास का?’ असे विचारू नका. ‘आज काय काय खाल्लेस?’ असे विचारा, म्हणजे खरे कळेल.

अनेक दिवस उपाशी राहिलेले मूल घरी आले की आईला वाटते, पोटभर मटण-भात वाढावा. इथेच सावध राहा. १९४५ साली युरोपातील छळछावण्यांतून सुटलेले काही बंदी अचानक जड अन्न मिळाल्याने दगावले. उपाशी शरीरात एकदम भात आणि साखर गेली की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम ही खनिजे झपाट्याने घटतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच खाल्ले नसेल, किंवा वजन खूप घटले असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्या. त्यांच्या सल्ल्याने पेज, पातळ वरण असे थोडे थोडे, वरचेवर द्या आणि हळूहळू वाढवत न्या.

शरीर भरून आले तरी झोप उडणे, मोठ्या आवाजाने दचकणे, जेवणावरची वासना जाणे हे मागे राहू शकते. हा भित्रेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांची भेट घ्या, टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा.

पदवी एखादे वर्ष उशिरा मिळाली तरी चालते. आपण पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवतो ते त्यांनी त्यांच्या पोटाला चिमटा घ्यावा म्हणून नव्हे, हे त्यांना एकदा स्पष्ट सांगा.