मोटारीचा रंग आणि आतील उष्णता

काळा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा बहुतेक भाग शोषून घेतो. फिकट पृष्ठभाग त्यातील बराचसा परत फेकतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी एक काळी व एक चंदेरी, बाकी सर्व बाबतींत सारख्या, अशा दोन मोटारी कॅलिफोर्नियातील उन्हात उभ्या केल्या. २०११ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चंदेरी मोटारीचे छप्पर सुमारे २५ अंश सेल्सिअसपर्यंत कमी तापले. आतील हवेत मात्र ५ ते ६ अंशांचाच फरक पडला. याचे कारण काचा. त्यांतून शिरलेले ऊन आसने तापविते, आसने हवा तापवितात, आणि ती हवा आतच कोंडून राहते. तेव्हा फिकट रंगाने उष्मा कमी होतो, धोका टळत नाही. उन्हातील बंद मोटारीत, तिचा रंग कोणताही असो, मुलांना क्षणभरही एकटे ठेवू नये.