बसून बिघडणारं यंत्र

 होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. पण वादळात तार तुटली की केंद्र शेजारी असून उपयोग नसतो. म्हणून कारखाना, दवाखाना, मंगल कार्यालय यांना डिझेल जनरेटर लागतोच. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या संचांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले, नवे संच महागले आणि जुन्यांकडे गिऱ्हाईक वळलं.

जुना संच बघायला जाणारा जाणता मिस्त्री आधी इंजिनाला हात लावतो. ते गरम लागलं, तर मालकाने आधीच चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना सुरू होण्याची अडचण झाकलीय, हे तो ओळखतो. मग डिपस्टिक. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर संशयित. सुरू केल्यावर धुराकडे लक्ष. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर डिझेल नीट पेटत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी जातंय. अल्टरनेटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगर लावून तपासायचं.

पण खरी परीक्षा लोडवर. ६२.५ केव्हीएचा संच ०.८ पॉवर फॅक्टरला ५० किलोवॅट देतो. ४१५ व्होल्टला दर फेजमधून सुमारे ८७ अँपिअर. तेवढा लोड टाकून तासभर चालवला, की वेग १५०० फेऱ्यांजवळ आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झजवळ टिकते का, पाणी तापतं का, ऑइलचा दाब पडतो का, हे कळतं. नुसता रिकामा फिरवून दाखवलेला संच तपासलाच नाही असं समजावं.

अवरमीटरवर मात्र फार विसंबू नये. तो बदलता येतो. शिवाय कमी तास म्हणजे चांगलं इंजिन, असंही नाही. भारनियमनाच्या वर्षांत रोज राबलेले संच आता बहुतेक राखीव असतात. वापर नसला की बॅटरी उतरते, टाकीत पाणी साचतं, सील सुकतात. दर महिन्याला पाच मिनिटं बिनालोड फिरवणंही पुरत नाही: इंजिन तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून काळं, तेलकट गळू लागतं. महिन्यातून अर्धा तास, निदान तीस टक्के लोडवर चालवावं. वापर कमी असला तरी ऑइल-फिल्टर वर्षातून एकदा बदलावेत.

म्हणून घेणाऱ्याने किती तास चालला एवढंच न विचारता देखभालीची वही मागावी. दहा वर्षांत तीनशे तास चाललेल्या बिनवहीच्या संचापेक्षा हजारो तास राबलेला, नोंदी असलेला संच बहुधा जास्त भरवशाचा निघतो.